दुसरा थर

तीन शोरूम झाल्या. वाकडेवाडी, बाणेर,
आणि आता ही सातारा रस्त्यावरची,
जिथे कॉफी फुकट आहे आणि किंमत कुठेच लिहिलेली नाही.
विचारली की सुजित भोइटे एक कागद उलटा करतो,
पेनाने आकडा लिहितो, भोवती गोल काढतो,
जणू मोठ्याने म्हटलं तर आकड्याला दृष्ट लागेल.

"ऑन-रोड, मॅडम."
मग रस्त्यावर यायला लागतं ते सगळं:
विमा त्यांचाच, मॅट, मडफ्लॅप,
आणि "हँडलिंग"चे साडेसात हजार.
कोण कोणाला हाताळतंय, ते लिहिलेलं नाही.

विहंगला सनरूफ हवंय. कशाला, तर वर बघायला.
सिंहगड रोडला सिग्नलवर वर काय असतं?
उड्डाणपुलाचं पोट.
श्रीरंगकडे तक्ता आहे, अकरा रकाने,
बूट स्पेस लिटरमध्ये, जणू आम्ही दूध नेणार आहोत.

आप्पा बोलत नाहीत.
खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं मापं घेतली,
अजून खिशात टेप असते.
वाकून त्यांनी पायरी मोजली. साडेसतरा इंच.
आईंचा गुडघा चौदापर्यंत येतो,
पुढे "अगंबाई" सुरू होतं.
"साइड स्टेप बसवून देऊ काका. अकरा हजार फक्त."
"म्हणजे आधी उंच गाडी विकायची,
मग चढायला पाट विकायचा," आप्पा म्हणाले,
आणि शोरूममधलं कोणीतरी पहिल्यांदा खरं हसलं.

आमची जुनी गाडी बाहेर उन्हात.
एक्स्चेंजचा पोरगा आला, हातात छोटं यंत्र,
दारादाराला टेकवत गेला,
श्वास घ्या, सोडा, म्हणतात तसं.
एकशे दहा. एकशे वीस. एकशे पंधरा.
मागच्या डाव्या दाराशी थांबला.
पुन्हा टेकवलं. तीनशे चाळीस.
"इथे दुसरा थर आहे सर. हे दार रंगवलंय."

"शक्यच नाही," श्रीरंग म्हणाला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी मनातल्या मनात सगळ्या खांबांची उजळणी केली:
मंडईचं पार्किंग, शाळेचं फाटक,
सोसायटीचा तो बी-सातपाशी पुढे आलेला कोपरा.
नाही. हे दार माझं नव्हतं.

"मी." आप्पा टेप गुंडाळत होते.
"धायरी फाट्याला. सायकलवर पोरगं मधे आलं.
मला दिसलं, पण उशिरा दिसलं.
पोरगं वाचलं. दार खांबाला गेलं.
भवानी पेठेतून करून घेतलं दोन दिवसांत.
तुम्ही कोकणात होतात."

म्हणजे ते डिसेंबर.
परत आलो तेव्हा किल्ली खिळ्यावर नव्हती,
श्रीरंगच्या टेबलावर होती.
डोळ्यांना जमत नाही आता, म्हणाले होते.
आम्ही दोन्ही मोतीबिंदू काढून आणले.
किल्ली त्यांनी त्यानंतरही मागितली नाही
आणि आम्हाला वाटलं, वय.

"आठ हजार कमी होतील," पोरगा म्हणाला.
मडफ्लॅपवरून अर्धा तास भांडलेला श्रीरंग
"चालेल" म्हणाला.

टेस्ट ड्राइव्हची गाडी दाराशी आली.
श्रीरंग मागे जाऊन बसला, काही न बोलता.
आप्पांनी पुढची सीट सरकवली, आरसा हलवला.
किल्ली शोधली.
"बटण असतं काका आता."
बटणाकडे बघत बसले बराच वेळ.
एसी नव्हता, काचा वर होत्या, आम्हाला घाम फुटला,
विहंगसुद्धा गप्प.
"मागचं चांगलं दिसतं," म्हणाले,
आणि उतरले.

बुकिंग अजून केलेलं नाही.
सुजितचा रोज फोन येतो,
"मॅडम, रंग ठरला का? वेटिंग वाढतंय."
आप्पा संध्याकाळी खाली जाऊन
आमच्या पार्किंगची रुंदी मोजतात.
ती रोज तेवढीच भरते.
काल वर आले, चपला काढता काढता म्हणाले,
दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच उरतात.
नीट घालता येईल.
कोणाला, ते म्हणाले नाहीत.