सहाशे बारा ग्रॅम

पार्सल योग्य वजनाचं होतं, म्हणून शंका आली नाही.
राउनोनं ते पायरीवर ठेवलं, सही घेतली,
बुटांवरचा बर्फ झटकला आणि गेला.

आत बटाटा.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एका अंगानं तासलेला.
कुणीतरी तो काट्यावर ठेवून
पातळ काप काढत गेलं होतं
सहाशे बारा ग्रॅम भरेपर्यंत.

एवढी मेहनत!

मी राहते ती गल्ली बटाट्याच्या नावाची,
शेजारची वाटाण्याची, पलीकडची घेवड्याची.
नदीकाठच्या आमच्या लाकडी घरांच्या वस्तीला
अख्खं तार्तू सूपनगर म्हणतं.
गिऱ्हाइकानं पत्ता वाचून थट्टा केली असेल?
नसावी. आमची भाषा कुठून येणार त्याला?
त्यानं फक्त वजन वाचलं.

लेन्स पंच्याऐंशी मिलिमीटरची, जुनी,
तीन आठवडे तिच्यातली बुरशी काढली होती मी
श्वास धरून, बाबांच्या पान्यांनी.
बाबा वेधशाळेत आरसे घासायचे.
काचेवर बोट उमटवू नये म्हणायचे,
उमटलंच तर कबूल करावं.

याआधी एकदा वीट आली होती.
दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून गप्प बसले,
आणि शिकले:
काचेच्या कडेला क्रमांक असतो, त्याचा फोटो;
स्क्रूच्या खाचेत शाईचा ठिपका
जो फक्त जांभळ्या दिव्याखाली दिसतो;
खोकं भरताना आणि परत आलेलं फोडताना
चित्रण सलग, मध्ये शिंकसुद्धा कापायची नाही.
सगळं केलं होतं. फक्त त्या दिवशी
फोन चार्जिंगला होता, आणि वजन तर बरोबर होतं.

शेजारच्या लेम्बितला हाक मारली.
तो चष्मा पुसून म्हणाला, हा बटाटा आहे.
एवढीच माझी साक्ष.

कंपनीनं कळवलं: आलेली वस्तू
निकाल लागेपर्यंत सुस्थितीत जपावी.
म्हणून पुरावा फडताळात, मेणबत्त्यांच्या शेजारी.
मी रागाचं पत्र लिहिलं, पाठवलं नाही.
दुसरं लिहिलं. त्यात फक्त तारखा, क्रमांक,
पाठवतानाचं चित्रण, आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत.
विशेषण एकही नाही. अवघड गेलं.

लेम्बित दर रविवारी विचारी,
साक्षीदार कसा आहे?
सुरकुतलाय, मी सांगे.
पाचव्या रविवारी त्याचे डोळे उघडले,
सात. सातांतूनही पांढरे, लांबट कोंब
दाराच्या फटीकडे निघालेले.

निम्मे पैसे मिळाले.
'सद्भावना म्हणून', असं लिहिलं होतं.
कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वाल्गाहून एक खोकं परत आलं.
हेल्वे नावाच्या बाईंनी लेन्स धाडली होती,
हात कापतो हल्ली, फोकस जमत नाही,
माफ करा, सोबत लिंगनबेरीचा मुरंबा.
मी ते पत्रही कॅमेऱ्यासमोर उलगडलं,
दोन्ही बाजू दाखवल्या,
जांभळा दिवा लेन्सवर धरला. ठिपका होता.
मग हात आपसूक मुरंब्याच्या बरणीवर गेला
दिव्यासकट.
कुणी पाहत नव्हतं, तरी मला लाज वाटली.
पैसे मी त्याच मिनिटाला परत केले,
जसं काही घाई केल्यानं ते चित्रण पुसलं जाणार होतं.

मे महिन्यात जमीन मोकळी झाली
तेव्हा पुराव्याचे चार तुकडे केले,
प्रत्येकाला एक तरी डोळा ठेवून,
आणि सरपणाच्या खोलीमागे पुरले.
लेम्बित म्हणाला, चोराचा माल पेरतेस.
मी म्हणाले, कंपनीच्या कागदांत ही लेन्स आहे.
पाणी घाल.

सप्टेंबरात एक पाटी भरून निघाले.
स्वयंपाकघरात न्यायच्या आधी
मी ते काट्यावर ठेवले, आकडा वहीत लिहिला,
फोन भिंतीला टेकवून
चित्रण सुरू आहे ना, ते पाहिलं,
आणि सोलायला बसले.