कालची तारीख

आवक कोणतं, जावक कोणतं
हे मुंजाजीला मी तेराव्यांदा सांगितलं.
मान हलवण्यात मात्र तो कधी चुकत नाही.

अनुकंपावर लागलेला पोरगा.
फायलीला दोरा बांधतो, तो सुटतोच.
पाकिटावर परभणीच्या जागी पाथरी लिहितो
आणि बेरजेतला हातचा
हातातच राहतो त्याच्या.

पाच वाजता सगळे उठतात.
मी बसते,
त्याचं रजिस्टर माझ्या अक्षरात पुन्हा उतरवत.
साहेब म्हणतात, "सांभाळून घ्या, नसीमबाजी."
बाजीचे गुडघे कुणी सांभाळायचे?

मंगळवारी त्यानं तारखेचा शिक्का फिरवलाच नाही.
दुपारपर्यंत अख्खं सोनपेठ
कालच्यात जमा.

तोंडाला येईल ते बोलले.
"ध्यानातच राहीना गेलंय, बाजी," म्हणाला,
पाणी प्यायला उठला,
माझाही गिलास भरून आणला.

मग एकेका कागदावर
काट मारून आजची तारीख,
बाजूला बारीक सही, लाल शाई.
सत्ताविसावा अर्ज कौसाबाईचा, शेळगावची.
निराधारचा.
मुदत कालपर्यंत.
अंगठ्याची शाई अजून पुरती वाळली नव्हती.

पेनाला टोपण लावलं.
तो कागद तसाच
गठ्ठ्यात खाली सरकवला.
बावीस वर्षांच्या नोकरीत
माझ्या नजरेतून सुटलेली पहिली चूक.

मुंजाजी खिडकीबाहेर बघत होता.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
सायकल स्टँड, एक शेळी.
तरी फारच लक्ष देऊन बघत होता.

"बाजी," वळून म्हणाला,
"आज तारीख किती हो?"