जिना

केसपेपरवर लिहिलंय : घरी जिन्यावरून पडून.
लिहिणारा हात डॉक्टरचा,
सांगणारं तोंड मुकादमाचं.
मी तेव्हा बाकाखाली वाकून
ह्यांची दुसरी चप्पल शोधत होते.

आमचं घर म्हणजे सहा पत्रे,
घोडबंदर रोडच्या आत, कावेसरला.
खाडीकडून वारा सुटला की चौघांनी धरायचे.
त्याला उंबरठा नाही, जिना कुठला?
वर जातात त्या फक्त मिरच्या,
वाळायला.

हे मी मुकादमाला बोलले.
तो म्हणाला, वहिनी, कागदाचं काय एवढं,
वीस हजार धरा, माणसाला गावाकडं न्या,
इथं अंगठा करा.
इतका कोरा कागद
मी दुकानातसुद्धा बघितला नव्हता.
म्हटलं, हात पिठाचे आहेत.
पीठ त्या दिवशी घरात नव्हतं.

शेजारच्या पत्र्यातल्या सगुणाचा दीर
मागल्या साली पाळण्यातून पडलेला.
ती म्हणाली, ठाण्याच्या कोर्टात जा,
गरिबाला वकील फुकट मिळतो.
फुकट ऐकून मला धास्तीच बसली.
दोन दिवस गेले नाही.

मढवीबाई बारीक अंगाच्या,
टेबलावर फायली, फायलींवर डबा.
आधी म्हणाल्या, बसा.
मग वय विचारलं.
आधारवर ह्यांचा जन्म एक जानेवारीचा,
माझाही, सासूचाही.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, वयावर आकडा ठरतो, खरं वय शोधू.
आणि डॉक्टर सांगेल
कमवायची ताकद किती टक्के गेली.

मी गप्प राहून मोजत बसले.
उजवा हात खांद्यापासून लोंबतो.
नाडी बांधायला मी,
तंबाखू मळायला मी,
माशी बसली तर डावा हात येईपर्यंत
ती उडून गेलेली असते.
ह्याचे किती धरायचे?

हजेरीची वही ठेकेदाराकडं.
गेटवरच्या मशीनला
रोज सकाळी आठला ह्यांचा अंगठा लागायचा,
आता मशीन म्हणतं, ओळखत नाही.
मी सांगितलं, पत्र्यावर रेघा आहेत,
खिळ्यानं ओढलेल्या, एका दिवसाला एक,
पगार बुडाला तिथं आडवी.
बाई दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आल्या,
मिरच्या बाजूला सारून फोटो काढले.

तिथंच उभ्या राहून केसपेपर दोनदा वाचला.
म्हणाल्या, जिना तर दिसत नाही.
मग हे पडले कुठून?

हे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.
म्हणाले, जिन्यावरूनच.
नवव्या मजल्याच्या.
पायऱ्या ओतायच्या होत्या अजून,
फळ्या मीच ठोकलेल्या.
खालचा टेकू कुणीतरी दुसरीकडं नेला.

बाईंचं पेन थांबलं.
खोटं लिहवणाऱ्यानं घाईघाईत
निम्मं खरंच लिहवलं होतं.
घर तेवढं दुसऱ्याचं निघालं.

आज तिसरी तारीख.
पहिल्या दोन्ही वेळी समोरचा वकील म्हणाला,
हा इसम आमच्याकडे कामाला नव्हताच.
आज साक्षीला सगुणाचा दीर येणार होता,
फोन बंद लागतोय.
आणि लिफ्टवर चिठ्ठी : दुरुस्ती चालू.

हे भिंतीला डावा खांदा लावून चढतात,
पायरी, दम, पायरी.
मी मागून पिशवी आणि फाईल घेऊन.
दुसऱ्या वळणावर थांबले.
वाटलं, चक्कर आली.

मान वर करून ते बघत होते
डोक्यावरच्या पायऱ्यांचं पोट.
म्हणाले, इथं फळी सरकलीय ओतताना,
बघ, वण राहिलाय.
सेंट्रिंगवाला घाईत असणार.

वरून शिपायानं पुकारा केला,
मोतीराम आडे, हाजिर?

चला, म्हटलं, नाव घेतलं तुमचं.
थांब, म्हणाले,
आणि डावा हात उंच करून
त्या वणावरून बोट फिरवलं.