तांदळातलं नाव

नवऱ्यानं ताटातल्या तांदळात
अंगठीनं माझं नवं नाव कोरलं,
सासूबाई वाकून बघत होत्या, निळ्या डोळ्यांनी.
"मलाही असंच पुसलं," म्हणाल्या,
"ब्रोनिस्वावाची वनमाला. ह्याच ताटात."

वळिवड्याच्या छावणीतली पोर.
बराकीतल्या शाळेत ऐकलेली गोष्ट
गंगावेशीतल्या कट्ट्यावर मटार सोलता सोलता सांगायच्या:
गोठलेल्या नदीकाठच्या राजाची लेक,
परमुलखात सम्राटाच्या घरी दिली.
बरोबर सात गाड्या कातडी, एक दाई, मधाचा बुधला.
तिथं देव बदलला, नाव बदललं,
दाईला पहिल्याच हिवाळ्यात माघारी धाडलं.
बखरीत नुसतं 'सम्राज्ञी'.
एका दानपत्राच्या तळाशी तेवढी
बापाच्या लिपीतली चार अक्षरं.

"मग?"
"मग काय. रश्श्यात मीठ बघ."

त्यांच्याकडं म्हणे
ल वर तिरकी काडी मारली की त्याचा व होतो.
मी हसले होते.

गेल्या मार्गशीर्षात गेल्या.
बँकेत लॉकरचं कार्ड निघालं,
चाळीस वर्षांच्या सह्या एकाखाली एक,
आणि प्रत्येक वनमालातल्या ल वर
बारीक, तिरकी काडी.

"खाडाखोड दिसते," क्लार्क म्हणाला.
"असू दे."

मग फुली मारलेल्या जागी
त्यानं माझी सही मागितली.
मी केली.
कागद स्वतःकडं फिरवून
बराच वेळ बघत राहिला:
"ही हौसा कोण?"