पीळ

बसा, धैर्यशीलराव. खुर्ची डुलती आहे, भिंतीला टेकवून बसा.
यादी आणलीय, दिसतंय मला.
घडी उघडू नका अजून. च्या येऊ दे.

पहिली नळी.
बाकीचं सगळं बदलता येतं, नळी म्हणजे हाड.
उजेडाकडं धरून आत बघा,
हा पीळ, दहा इंचाला एक फेरा.
जड गोळीला घट्ट, हलकीला सैल.
उगाच घट्ट घेतला म्हणून कुणाचा नेम सुधारत नाही.
सुंभ जळतो अन् पीळ राहतो म्हणतात,
हितं उलटं असतंय,
नळी राहती अन् पीळ झिजतो,
पहिला घशाजवळचा.

दस्त्याला शिसव नको.
दिसायला राजेशाही, पण डोंगर चढताना खांदा मोडंल.
अक्रोड घ्या, मुरलेला, सरळ रेषांचा.
तरी लाकूड ते लाकूडच,
आपल्या आषाढात पाणी पितं, फुगतं,
नळीला खेटतं,
अन् नेम बोटभर सरकला की
माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो.
म्हणून मी फट ठेवतो.
दहाची नोट घालतो मधनं,
बुडापासनं पुढंपर्यंत फिरली पाहिजे, कुठं न अडता.
कोरी नोट कामाची नाही. मळकी, मऊ झालेली लागती.

आता उघडा यादी.

चाप पाव किलोचा लिहिलाय तुम्ही.
तो कागदावर मारणाऱ्यांचा.
थंडीत, बोटं बधिर, दम लागलेला,
तिथं किलोभराचा ठेवा.
आमचे अब्बा चापाला गुळाची पुडी टांगून बघायचे.
म्हणायचे, वजन असू दे रे थोडं,
तेवढ्यात मन बदलायला जागा राहती.

दुर्बिणीला रायफलीपेक्षा जास्त पैसे धरलेत.
धरा. फौंड्री चांगली चालली आहे तुमची.
आफ्रिकेतला परवानाही मिळंल, कागद असतील.
पण हे आठशे मीटर कुणी लिहिलं?

बंदीच्या आधीची गोष्ट. दाजीपूरचं जंगल.
रायफल अब्बांच्या हातची, पाहुणा कुणाचातरी.
दरीच्या पल्याडनं मारला गवा.
गवा दचकला, उभा राहिला,
अन् चालायला लागला.
पाहुणा जेवायला बंगल्यावर.
अब्बा मागावर, एकटे,
पानांवरचे ठिपके मोजत.
चौथ्या दिवशी घरी आले. आंघोळ केली.
ताट तसंच ठेवलं.
"लई लांब गेला हुता," एवढंच बोलले.
सापडला का,
ते मरेपर्यंत सांगितलं नाही आम्हाला.

म्हणून विचारतो.
किती लांबनं मारणार ते यादीत आहे.
मागनं किती चालणार, त्याचा रकाना नाही.

असू दे.

बोल्टचं तोंड अन् नळीचे आटे मी करत नाही आता, डोळे गेले.
उद्यमनगरात भूपाल मगदूम आहे.
दिवसभर पंपाचे शाफ्ट,
दिवस मावळायच्या आत जेवण,
मग रात्री, वीज जरा स्थिर झाली, की माझं काम.
केसाच्या दहाव्या भागाचा फरक नखानं सांगतो.
लेथच्या बेडवर मुंगी दिसली तर
मशीन बंद करून फुंकर मारतो,
ती उतरंपर्यंत थांबतो.
आजवर जेवढ्या नळ्या केल्या,
दुधाळीवरच्या पोरापोरींच्या, कागदावर मारायच्या.
ही कशासाठी, विचारणारच तो.

मी सांगणार नाही.
खोटं तर नाहीच नाही, चाळीस वर्षं आहेत आमची.
तुम्ही जाऊन सांगा.
लेथ चालू असली तर दारातच उभं राहा,
आवाज थांबला की बोला.

नळी राहू दे हितं, तेल लावून ठेवतो, हवा दमट आहे.
यादी घेऊन जा.
अन् ती नोट ठेवा खाली,
बोलता बोलता खिशात चालली तुमच्या.
तशी मऊ व्हायला लई वर्षं लागतात.