न शिवता

टिक्सीला सूर्य मावळला, त्याला आज तीस दिवस झाले.
वसतिगृहापासून मोजणीघरापर्यंत ताणलेला दोर
तुयारा दाराशी हातातून सोडते, बूट झटकते.
इथला वारा माणसाला समुद्रावर नेऊन ठेवतो,
परत आणून देत नाही.

आत मोजायचा तो वारा वेगळा.
गालाला लागत नाही, खिडकी वाजवत नाही.
बोराएवढ्या जागेत पाच-सहा कण
आणि सेकंदाला चारशे किलोमीटर.
ह्याला वारा कुणी म्हटलं, असं तिनं पहिल्याच हिवाळ्यात
इनोकेंती पेत्रोविचना विचारलं होतं.
ते किटलीत बर्फाचे तुकडे टाकत होते.
"कुणीतरी दक्षिणेकडचा असणार," म्हणाले.

परवा सूर्यावरून काहीतरी सुटलं.
नऊशेच्या वेगानं निघालेलं ते
वाटेत चारशेच्या वाऱ्याला मागून गाठतं
आणि पुढ्यात एक कड उभी राहते.
धक्का म्हणायचं तिला,
पण कुणी कुणाला शिवलेलं नसतं.
इतके विरळ, की शेजारी म्हणावा असा शेजारी नाही,
तरी सगळे एकदम दचकतात,
दाटतात, तापतात,
चुंबकी दोराला कुठून तरी हिसका बसावा
आणि धरलेल्या साऱ्या हातांना कळावा, तसे.

त्यातला एक प्रोटॉन. विशेष काही नाही त्याच्यात.
आट्यापाट्यांतल्या पोरासारखा
पाटी ओलांडतो, पलीकडून हुसकला जातो,
परत ओलांडतो, अलीकडून हुसकला जातो,
आणि दर खेपेला जरासा वेग पदरात पडतो.
जरासाच.
बाकीचे दोन-चार खेपांत दमून
वाऱ्याबरोबर वाहून गेलेत.
हा सापडत नाही आणि सुटतही नाही,
आणि सुटतो तेव्हा असा,
की ज्या धक्क्यानं घडवला त्याच्या कितीतरी आधी
पृथ्वीच्या माथ्यावर येऊन आदळतो.

म्हणून सकाळपासून रेडिओ मुका आहे.
लेनाच्या मुखाशी झोपडीत तिचा भाऊ,
बर्फाखाली मुक्सूनसाठी जाळी लावून बसलेला.
"द्युलुस्तान, ऐकू येतंय का?"
खरखरसुद्धा नाही.

दुपारी क्षितिजावर राखाडी चिंधी दिसली तेव्हा
पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानाची वर्दी आली:
कड इथून पुढे गेली.
म्हणजे अठ्ठावीस मिनिटं.
तिनं चहा ओतला. वेळ पाहिली.
चहा संपला.
दिवा तसाच, खिडकी तशीच,
शिशात पुरलेल्या अठरा नळ्यांची टकटक
तेवढी हळूहळू विरळ व्हायला लागली.
शंभरास सत्त्याण्णव. पंच्याण्णव. त्र्याण्णव.

पहिल्या वेळी तिला वाटलं होतं, यंत्र बिघडलं.
जोडण्या तपासता तपासता रडायला आलं होतं.
वादळात वाढायला नको का काहीतरी?
इनोकेंती पेत्रोविचनी स्टूल ओढलं.
कुठल्या कुठल्या ताऱ्यांवरून लाखो वर्षं चालत आलेले,
म्हणाले, आज ह्या सूर्याच्या उंबऱ्यावर अडलेत.
लिही. न आलेलेही लिहायचे,
शाई तेवढीच लागते.
वहीच्या आधीच्या पानांवर त्यांचे सात
अजून आडव्या रेघेचे आहेत.
ती तसाच काढते. उणे सात टक्के.

रात्री अकराला रेडिओ आपोआप बोलायला लागला,
मधूनच, वाक्याच्या पोटातून:
"...दुसऱ्या भोकात एकही नाही, आणि तू म्हणतेस तसं
आईला कळवलं नाही मी..."
ती काही म्हणालीच नव्हती.
दिवसभर हा कुणाशी बोलत होता?
तिनं बटण दाबलं, मग सोडलं,
आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत
दोर धरावा तसा
माईक धरून उभी राहिली.