फोल्डर : आई

मोदी नंबर तीनच्या गल्लीत माझं दुकान.
दुकान म्हणजे अर्धं काउंटर,
उरलेल्या अर्ध्यात लखोटेकाका
चष्म्याच्या दांड्या बसवतात.

मी मोबाइलमध्ये गाणी भरून देतो. अजूनही.
बटणांचे फोन संपले असं ज्यांना वाटतं
त्यांनी रविवारी बर्डीवर यावं.
बुटीबोरीचे वॉचमन, वाडीचे हमाल,
भांडेवाडीहून दोन बसा बदलून आलेली एक म्हातारी,
कार्ड रुमालाच्या गाठीत.

कॉम्प्युटरवर अभंगांच्या खालोखाल
'आई' नावाचं फोल्डर.
एकशे बारा गाणी.
सगळी ऐकलीत मी, म्हणजे पहिली वीस सेकंदं,
कॉपी नीट झाली का बघायला.
वीस सेकंदांत नुसती बासरी होते.
पुढे कधी गेलोच तर
आई चुलीपाशी असते, नाही तर फोटोत.
मिरचीत बसलेली एकही सापडली नाही.

एकदा काटोल रोडचा एक पोरगा आला,
डोकं ताजं भादरलेलं.
तेरवीला वाजवायची होती.
म्हणाला, दादा, आईची द्या,
पण गेलेली नको.
दुपारभर शोधली.
एकशे बारातून नऊ निघाली.
पैसे घ्यायला हात पुढे होईना,
त्यानंच काचेवर ठेवले
आणि वरचे दहा परत मागितले नाहीत.

माझी आई, देवकाबाई,
कळमन्याच्या पुढे सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडते.
किलोवर मजुरी.
तिनं मला अंगाई म्हटली नाही.
म्हणायला गेली असती तर खोकली असती.
खोकल्यावरच झोपायचो मी.
खोकला थांबला की जाग यायची,
ती पाणी प्यायला उठलेली असायची.

दिवाळीत तिला फोन घेऊन दिला.
माझ्या नंबराला त्या नवातलं एक गाणं लावलं,
निवडून, रिंग म्हणून.
पण ती कसली वाजू देते!
बासरीनं श्वास घ्यायच्या आत
'हं, बोल.'
चार महिने गाणं तिथंच मरत होतं,
फुंकरीतच.

फेब्रुवारीत एका दुपारी
रिंग पुरी गेली.
परत लावला. पुरी गेली.
तिसऱ्यांदा लखोटेकाका म्हणाले,
जा बावा, मी पाहतो दुकान.
मेयोचा पूल, गांधीबाग, पारडीकडची खोदाई,
गाडी कुठून काढली आठवत नाही.
आठवतं ते इतकंच, की हेल्मेटच्या आत
मी ते गाणं गुणगुणत होतो
आणि मला त्याची भीती वाटत होती.

शेडमध्ये लाल ढीग.
ढिगाच्या कडेनं तीसेक बाया,
तोंडाला पदर, डोळे तेवढे उघडे,
आणि कोणाचेच हात चालत नव्हते.
मधे पोत्यावर फोन.
तो नुकताच गप्प झाला होता.

'हात मिरचीचे होते,' आई म्हणाली,
'नवा फोन हाये, जळजळन म्हनून नाही लावला हात.'
फोनला जळजळेल म्हणून.

पंचफुला मावशी डोळे पुसत होती.
मिरचीनं की गाण्यानं, विचारता येत नव्हतं,
तिथं सगळ्यांचेच डोळे बारमाही तसे.
'तीनदा आयकलं बाप्पा,' ती म्हणाली,
'मधात बाई बोलते तुह्या नावानं, मंग पुन्हा गानं.
तू मेहनतीचं लावलं.'

आई काही म्हणाली नाही.
बाहेर नळावर कोपरापर्यंत हात धुतले,
दोनदा, राखेनं एकदा,
पदराला पुसले, मग फोन उचलला,
माझ्याकडे दिला.

'चांगलं हाये.
पन काढून टाक.
साधी घंटी लाव.'

काहून, म्हटलं.

'आयकत बसली मी,' ती म्हणाली.
'हात धुवाले उठाचं सोडून
आयकत बसली.
तुह्या फोन होता नं तो.'